सिली, फूलिश, स्टुपिड की ॲब्सर्ड? 'येडेपणा'साठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडायचा

सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी मी व्यवहारातलं इंग्रजी शिकवते. येणारे बहुतेक नोकरीधंद्यातले. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मेल बघणारा एक मुलगा मध्यंतरी मोबाइल पुढं धरून उभा राहिला. परदेशातल्या गिऱ्हाइकानं फारच पाडून भाव मागितला होता. याला म्हणायचं होतं, "काहीतरीच भाव सांगताय राव, एवढ्यात कसं जमंल?" यानं लिहिलं होतं, 'युवर प्राइस इज स्टुपिड.' चार दिवस झाले, पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"मॅडम, ग्रामर तर बरोबर आहे ना?"

ग्रामर अगदी बरोबर होतं.

ही चूक मी दर बॅचला बघते, आणि ती शब्दसंग्रहाची नाही. ती क्रमाची आहे. आपण आधी शब्द शोधतो आणि मग तो वाक्यात ढकलतो. त्यात बऱ्याच क्लासच्या नोट्समध्ये एक शिडी असते: सिली म्हणजे थोडा मूर्ख, फूलिश म्हणजे बराच, स्टुपिड म्हणजे पुरता आणि ॲब्सर्ड म्हणजे कहर. ही शिडी वहीत असेल तर आधी तिच्यावर काट मारा. हे शब्द एकमेकांच्या वर-खाली उभे नाहीत. एक माणसाच्या अकलेकडे बोट दाखवतो, दुसरा त्याच्या निर्णयाकडे, तिसरा गोष्टीच्या तर्काकडे. जोर किती, हा प्रश्न नंतरचा. बोट कुणाकडे, हा पहिला.

तयारी

एक वही, एक पेन, आणि शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी; फोनवरची चालेल. अशा डिक्शनरीत शब्दाशेजारी 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग', 'ऑफेन्सिव्ह', 'ब्रिटिश' असे छोटे शिक्के असतात. आपल्या कामासाठी अर्थाइतकेच हे शिक्के महत्त्वाचे. लोक नेमके तेच ओलांडून पुढं जातात.

समानार्थी शब्दांची यादी मात्र तूर्त बंद ठेवा. ती सगळे शब्द एका ओळीत उभे करते आणि सगळे सारखेच दिसायला लागतात. भाषांतराच्या ॲपचंही तेच. ते शब्द देतं, पण तुम्ही कुणाला म्हणताय, का म्हणताय, हे विचारत नाही.

टप्पा १: आधी मराठीत नक्की करा

मनातलं वाक्य मराठीत लिहा, आणि पुस्तकी मराठीत नको. 'मूर्खपणाचा' असं लिहिलंत तर कामच झालं नाही, कारण त्या एका शब्दाखाली आपण दहा गोष्टी झाकतो. तोंडात येतो तो शब्द लिहा. आपल्याकडं त्यांची काय कमी आहे? येडा, खुळा, बावळट, मठ्ठ, भाबडा, चक्रम, पोरकट, पाचकळ, हास्यास्पद, अचाट, 'काहीतरीच', 'येड्यागत करू नको'.

यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दारात नेऊन सोडतो. मठ्ठ म्हणजे डोकं चालत नाही. भाबडा म्हणजे डोकं आहे, पण जगावर विश्वास जास्त; त्याला इंग्रजीत नाईव्ह, आणि कुणीही सहज गंडवावं असा असेल तर गलिबल. चक्रम म्हणजे तऱ्हेवाईक, एक्सेन्ट्रिक. पोरकट म्हणजे चाइल्डिश. (चाइल्डलाइक त्याच्या शेजारी दिसतो, पण तो निरागसपणाचं कौतुक करतो. निरोपसमारंभात साहेबांच्या 'चाइल्डिश' हास्याची तारीफ झालेली मी ऐकली आहे. साहेब हसले नाहीत.)

इशारा: 'येडा' म्हणून थेट 'मॅड' लिहू नका. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ वेडा असा लागेल, पण अमेरिकेत बहुधा चिडलेला असा. 'माय बॉस इज मॅड' वाचून तिकडचा माणूस विचारेल, कुणावर?

टप्पा २: बोट कुणाकडे, ते ठरवा

वाक्याखाली एकच शब्द लिहा: माणूस, कृती, दावा, बोलणं किंवा परिस्थिती. याला दहा सेकंद लागतात आणि निम्मे चुकीचे शब्द इथंच गळतात.

सिली कुठंही चालतो. माणूस, टोपी, प्रश्न, भांडण, काहीही. फूलिश माणसाला आणि त्याच्या निर्णयाला लागतो. टोपीला लावला तर विचित्र वाटेल, कारण टोपी निर्णय घेत नाही. ॲब्सर्डचं घर म्हणजे विचार, नियम, परिस्थिती. प्रिपॉस्टरस मुख्यतः दाव्याला आणि मागणीला. इनेन बोलण्याला.

तपासणी: वहीत 'माणूस' लिहिलं असेल तर थांबा. खरंच माणसाबद्दल बोलायचंय की त्यानं केलेल्या एका गोष्टीबद्दल? 'यू आर फूलिश' आणि 'दॅट वॉज अ फूलिश थिंग टू डू' यांत एका माणसाची नाराजी एवढं अंतर आहे.

टप्पा ३: काही बिघडलं का? सिली आणि फूलिश वेगळे करा

सिलीमध्ये गांभीर्य कमी असतं. त्यातून फार तर हसं होतं. फूलिशमध्ये शहाणपण कमी पडलेलं असतं, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं किंवा मोजायची वेळ येऊ शकते.

तासगावकडचं उदाहरण घ्या. बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांवर माल पसरलाय, आभाळ भरून आलंय, आणि माणूस शेडच्या बाजूचे कागद न सोडताच लग्नाला निघून गेला. अवकाळीचा एक सडाका आत आला की बेदाण्याचा रंग गेला आणि भावही गेला. हे फूलिश. तोच माणूस लग्नात फेट्यावर गॉगल चढवून नवरदेवापुढं नाचला, तर ते सिली. नवरदेवाला लाज वाटली असेल, पण भाव कशाचाच पडला नाही.

कोऱ्या चेकवर सही करून देणं फूलिश. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणं सिली. गॅस चालू ठेवून बाहेर जाणं? इथं बॅचमध्ये नेहमी वाद होतो. माझं मत असं, की काही झालं नाही आणि तुम्ही स्वतःबद्दल हसत सांगताय तर सिली चालेल. दुसऱ्याला बजावून सांगताय तर फूलिश घ्या.

आता 'सिली मिस्टेक'. दहावी-बारावीचं पोर असलेल्या प्रत्येक घरात हा शब्द दर चाचणीनंतर येतो. इंग्रजीतही तो बरोबरच आहे, पण अट अशी की ती गोष्ट तुम्हाला येत होती आणि हातून निसटली. सात आठे छप्पन्न पाठ असून चोपन्न लिहिलं, ही सिली मिस्टेक. सूत्रच माहीत नव्हतं, तर ती सिली नाही, घरी कितीही सांगा. शाळेच्या अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये 'केअरलेस मिस्टेक' जास्त सरळ.

इशारा: सिली म्हणजे किरकोळ नव्हे. हा खड्डा मी स्वतः बघितलाय, आत पडून. पहिल्या नोकरीत एका वरिष्ठांचा स्कूटरवरून पडून हात खरचटला. मी मेल लिहिला, 'थँक गॉड, इट वॉज ओन्ली अ सिली इन्जरी.' मला म्हणायचं होतं, बरं झालं, थोडक्यात निभावलं. त्यांनी वाचलं, येड्यागत पडलात. किरकोळसाठी मायनर किंवा ट्रिव्हियल. क्षुल्लक कारणावरून भांडण झालं असेल तर पेटी.

(क्रिकेटवाले इथं हटकून विचारतात, मग सिली पॉइंट? तिथं सिलीचा रोख अंतरावर आहे. बॅटच्या इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे वेडं धाडस, म्हणून तो शब्द. तो क्रिकेटपुरता ठेवा.)

टप्पा ४: स्टुपिडला वेगळ्या कप्प्यात ठेवा

स्टुपिड अकलेवर जातो. मराठीत 'मठ्ठ आहेस का?' तोंडावर म्हटल्यावर जे होईल, तेच इंग्रजीत होतं, आणि लेखी असेल तर जास्तच, कारण लेखी शब्दाला हसरा चेहरा नसतो. घरात आपण एकमेकांना 'स्टुपिड!' म्हणून टपली मारतो, त्यामुळं तो आपल्याला गोड वाटायला लागलाय. परक्याला तो गोड लागत नाही.

तो दोन ठिकाणी बिनधास्त चालतो. पहिलं, स्वतःला: 'हाउ स्टुपिड ऑफ मी!' दुसरं, निर्जीव वस्तूवर चिडून: 'दिस स्टुपिड प्रिंटर'. इथं प्रिंटरच्या अकलेचा संबंध नाही. तो म्हणजे आपला 'मेला प्रिंटर' किंवा 'हे मेलं कुलूप उघडंना'. मेलंच्या जागी स्टुपिड, एवढं लक्षात ठेवलंत तर हा वापर चुकत नाही.

इडियट, मोरॉन आणि इम्बेसाइल हे तिन्ही शब्द एके काळी बौद्धिक अपंगत्व मोजण्याच्या वैद्यकीय वर्गीकरणात होते. आज त्या शिव्या आहेत. लेखनात नकोतच.

टप्पा ५: तर्क मोडला असेल तर चार शब्दांतला एक घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. ॲब्सर्ड, रिडिक्युलस, ल्युडिक्रस, प्रिपॉस्टरस. डिक्शनऱ्या स्वतःच एकाचा अर्थ दुसऱ्यानं सांगतात, त्यामुळं शिकणारा गोल गोल फिरत राहतो. मी चार दृश्यं देते. दृश्य लक्षात ठेवा, व्याख्या विसरलात तरी चालेल.

*ॲब्सर्ड.* नव्या घरासाठी वीजजोड मागायला गेलात. खिडकीतून उत्तर आलं, अर्जाला त्याच घराचं चालू वीजबिल जोडा. वीज नाही म्हणून अर्ज, आणि अर्जासाठी वीजबिल. कुणी मूर्ख नाही, कुणी हसवतही नाही, पण गोष्टीच्या आतच एक भाग दुसऱ्याला काटतोय. हे ॲब्सर्ड. ज्या लॅटिन शब्दावरून तो आला त्याचा अर्थच बेसूर असा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा जुळवताना कधी उभे राहिला असाल तर आठवा: तीन तारा लागल्यात, चौथी किंचित उतरलेली. तार तुटलेली नसते, वाईटही नसते. ती बाकीच्यांशी जुळत नाही, म्हणून कान टोचतो. ॲब्सर्ड तसा टोचतो. तो थंडपणे वापरता येतो आणि विद्वानांच्या लेखनातही बसतो. चौघांत सगळ्यात उपयोगी हाच.

*रिडिक्युलस.* बंद खोलीचं महिन्याचं बिल ₹८७,००० आलं. मोजणीत काहीतरी घोळ आहे, हे उघड आहे. पण तुमची पहिली प्रतिक्रिया 'हा काय प्रकार आहे?' अशी असते. हसूही येतंय आणि संतापही. रिडिक्युलसचं मूळ हसण्यात आहे, पण आजच्या बोलण्यात तो बऱ्याचदा हसतच नाही. त्याचा अर्थ 'अति झालं', 'हद्द झाली' असा होतो. भाव, रांग, उशीर, उकाडा यांना तो सर्रास लागतो. बोलण्यात हवा तेवढा वापरा. तक्रारीच्या पत्रात मात्र तो तुमचा आवाज चढलाय हे दाखवतो. तसं दाखवायचं असेल तरच.

*ल्युडिक्रस.* दहा फुटांच्या गटारीचं उद्घाटन आणि त्यावर तीस फुटांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर बावीस फोटो. इथं तर्कापेक्षा प्रमाण बिघडलंय, आणि ते डोळ्यांना दिसतंय. ल्युडिक्रस वापरताना समोर चित्र उभं राहत नसेल, तर बहुतेक तुम्हाला रिडिक्युलस हवा आहे.

*प्रिपॉस्टरस.* कुणीतरी ठासून सांगतंय, हळदीचा लेप लावला की मोडलेलं हाड चोवीस तासांत जुळतं. हळदीच्या गावातसुद्धा हे कुणी मानणार नाही. दावा आहे, आत्मविश्वास आहे, आणि तो विचारात घेण्याच्याही लायकीचा नाही: प्रिपॉस्टरस. शब्दाची फोड केली तर त्यात 'पुढचं' आणि 'मागचं' असे दोन तुकडे निघतात, म्हणजे बैलापुढं गाडी. बोलण्यात तो जरा भारदस्त वाटतो. मित्राच्या मेसेजला तो लिहिलात तर गंमत म्हणून चालेल.

तपासणी: हे चारही शब्द माणसावर सोडताना दोनदा विचार करा. 'यू आर बीइंग रिडिक्युलस' हे भांडणातलं वाक्य आहे. 'द रूल इज ॲब्सर्ड' हे चर्चेतलं.

टप्पा ६: बोलणं पोकळ असेल तर

इथं थोडक्यात आटपते, कारण हे शब्द ओळखता आले तरी पुरे. इनेन म्हणजे आतून रिकामं. टीव्हीवरचा सूत्रसंचालक पूरग्रस्ताला 'आपल्याला कसं वाटतंय?' विचारतो, तो प्रश्न इनेन. फॅच्युअस म्हणजे तसंच रिकामं, वर बोलणारा स्वतःवर खूश. ॲसिनाइनमध्ये गाढव दडलंय आणि ते ऐकणाऱ्याला कळतं; जपून.

नॉनसेन्सबद्दल मात्र एक गोष्ट पाठ करा. तो नाम आहे. 'तो फार नॉनसेन्स माणूस आहे' हे आपलं मराठी झालं. इंग्रजीत 'ही इज नॉनसेन्स' म्हणत नाहीत. 'ही टॉक्स नॉनसेन्स' म्हणतात. आणि 'नो-नॉनसेन्स पर्सन' ही तर तारीफ आहे: कामापुरतं बोलणारा, फाफटपसारा न करणारा माणूस.

टप्पा ७: लाडानं म्हणायचं असेल तर

'येड्या, जेवलास का?' यातल्या येड्याला इंग्रजीत अगदी जुळणारा शब्द नाही. जवळचा आहे सिली, आणि तोही सुरावर अवलंबून. इंग्लंडमध्ये, विशेषतः उत्तरेकडं, डाफ्ट तसा वापरतात. अमेरिकेत गूफी आहे. त्यात वेडेवाकडे चेहरे करणारा, हसवणारा, बिनधोक माणूस येतो.

याच कप्प्यात एक वाक्य फार कामाचं आहे, आणि आपले लोक ते ऐकून उगाच दुखावतात. पुण्याला मुलाखतीला गेलेली माझी एक विद्यार्थिनी तिथं एका परदेशी बाईंसोबत चहा प्यायली आणि पैसे द्यायला पर्स उघडली. बाई म्हणाल्या, 'ओह, डोन्ट बी सिली!' हिला वाटलं, आपल्याला मूर्ख म्हणाल्या. फोनवर रडकुंडीला आलेली. तिला म्हटलं, अगं, तुझ्या मावशीनं भडंगाचा पुडा हातात कोंबला आणि तू पैसे काढलेस तर ती काय म्हणते? "काहीतरीच काय!" हे तेच.

टप्पा ८: शब्द वाक्यात बसवा

शब्द बरोबर निवडून इथं घसरणारे पुष्कळ आहेत. तीन जागा सांभाळा.

पहिली जागा 'ऑफ'ची. 'इट वॉज सिली ऑफ मी टू फर्गेट.' आपण मराठीच्या ओघात 'फॉर मी' लिहितो. स्वभावाचा किंवा शहाणपणाचा निवाडा असेल तिथं ऑफ: फूलिश ऑफ हिम, स्टुपिड ऑफ मी, तसंच काइंड ऑफ यू.

दुसरी जागा फूलिशलीची. 'फूलिशली, ही साइन्ड द पेपर' म्हणजे त्यानं सही केली हाच मूर्खपणा. तोच शब्द शेवटी नेलात तर सही करण्याची पद्धत वेड्यासारखी होती, असं वाटायला लागतं. हसत, डोलत सही केली जणू. निवाडा द्यायचा असेल तर सुरुवातीला ठेवा आणि स्वल्पविराम द्या.

तिसरी, 'व्हेरी'. व्हेरी सिली, व्हेरी फूलिश ठीक. रिडिक्युलस, ल्युडिक्रस, प्रिपॉस्टरस हे आधीच टोकाला बसलेत, त्यांना व्हेरी लावला की हात नवशिक्याचा वाटतो. ॲब्सोल्यूटली किंवा अटर्ली लावा, किंवा काहीच लावू नका.

आणि एक उलटा प्रकार: 'ॲब्सर्डली चीप', 'रिडिक्युलसली ईझी'. यात टीका नाही. म्हणजे मातीमोल स्वस्त, डाव्या हातचा मळ. वाचताना गोंधळू नका.

टप्पा ९: परत मराठीत आणा, आणि मग पाठवा

तयार इंग्रजी वाक्य परत बोली मराठीत म्हणा, मोठ्यानं, समोर तो माणूस बसलाय असं धरून. जीभ अडखळली तर शब्द चुकलाय. त्या मुलाला मी हेच करायला लावलं. 'युवर प्राइस इज स्टुपिड' हे मराठीत आणल्यावर तो म्हणाला, "तुमचा भाव बिनडोक आहे." मग स्वतःच कान पकडले.

त्याच्या मूळ वाक्याला मग आम्ही एकेक टप्पा लावला. तोंडातला शब्द: काहीतरीच. बोट: भावाकडं, माणसाकडं नाही. बिघडलं काय: काही नाही, सौदा अजून व्हायचाय. तर्क मोडलाय का: नाही, घासाघीस करणाऱ्यानं कमीच मागायचं असतं. म्हणजे ॲब्सर्डही नाही. रिडिक्युलस बसला असता, फोनवर जुन्या गिऱ्हाइकाशी हसत बोलताना. लेखी, आणि तेही पहिल्याच व्यवहारात, तो आवाज चढवतो.

यादीत एकही शब्द उरला नाही. बॅचमध्ये निम्म्या वेळा असंच होतं. अशा वेळी येडेपणाचा शब्द काढून टाकायचा आणि अडचण काय आहे ती लिहायची: अनरीझनेबलसुद्धा जरा कडक, वर्केबल मऊ. त्यानं लिहिलं, 'आय ॲम सॉरी फॉर माय लास्ट मेसेज. दॅट प्राइस इज नॉट वर्केबल फॉर अस. कॅन वी टॉक?'

पाठवायचं बटण दाबण्याआधी त्यानं वर बघून विचारलं, "मॅडम, दुकानात शेठना सांगताना काहीतरीच भाव म्हटलं तर चालंल ना?"

तिथं चालतंय.